पर्यायी रूटमध्ये पॅकेज बसवताना खाती कुठे आणि कशी तयार व्हावीत

लिनक्सच्या चालू मशीनवर पॅकेज बसवणे आणि तेच पॅकेज दुसऱ्या एखाद्या डिरेक्टरीला रूट, म्हणजे फाइलसिस्टीमचे मूळ, मानून तिच्यात बसवणे, ही दोन कामे वरवर सारखीच दिसतात. आरपीएम किंवा डीपीकेजी या पॅकेज व्यवस्थापकाला रूटचा पर्याय दिला, आरपीएमवर उभ्या असलेल्या डीएनएफला इन्स्टॉलरूट सांगितले, डेबूटस्ट्रॅप किंवा पॅकस्ट्रॅप हे नवी सिस्टीम उभारणारे साधन चालवले, की फायली त्या डिरेक्टरीत जाऊन बसतात, पॅकेजांचा डेटाबेसही तिथेच तयार होतो आणि सगळे सुरळीत पार पडल्यासारखे वाटते. डिस्क इमेज तयार करणे, कंटेनरची पायाभूत फाइलसिस्टीम उभी करणे, एआरएम बोर्डासाठी एसडी कार्ड लिहिणे, नेटवर्कवरून बूट होणाऱ्या डिस्कविरहित मशीनची रूट मांडणे, बिघडलेली सिस्टीम बाहेरून दुरुस्त करणे, अशा कितीतरी कामांत हीच पद्धत वापरली जाते. त्यात फायली जागेवर नेऊन ठेवणे हा सोपा भाग आहे. घोडे अडते ते खात्यांपाशी. पॅकेजमधल्या सेवेला लागणारा वापरकर्ता आणि गट कोणाच्या फायलींमध्ये, कोणत्या क्षणी आणि कोणत्या क्रमांकाने तयार व्हायचा, हा प्रश्न बहुतेक वेळा कोणी विचारलेलाच नसतो.

या विषयावर माझे मत ठाम आहे, ते आधीच मांडतो. खाते हा टार्गेट डिरेक्टरीचा, म्हणजे पॅकेज जिच्यात बसवायचे तिचा, भाग आहे. म्हणून त्याविषयीचा प्रत्येक प्रश्न टार्गेटमधल्याच फायलींना विचारला गेला पाहिजे, आणि शक्य असेल तिथे ते खाते तयार करण्यासाठी टार्गेटमधला एकही प्रोग्राम चालवावा लागू नये. पॅकेजने खात्याची फक्त घोषणा करावी; ते लिहून घेण्याचे काम पॅकेज व्यवस्थापकाने करावे. आजही असंख्य पॅकेजे हे काम शेल स्क्रिप्टवर सोपवतात, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

आधी मुळाशी जाऊ. कर्नलला वापरकर्त्याचे नाव ठाऊक नसते. फाइलच्या आयनोडमध्ये, म्हणजे तिच्याविषयीच्या नोंदीत, मालकाचा एक क्रमांक आणि गटाचा एक क्रमांक एवढेच लिहिलेले असते. नाव आणि क्रमांक यांची सांगड एट्सी डिरेक्टरीतल्या पासवर्ड आणि ग्रुप या दोन साध्या मजकूर फायलींमध्ये असते, आणि त्या फायली होस्टच्या, म्हणजे काम चालू असलेल्या मशीनच्या, वेगळ्या व टार्गेटच्या वेगळ्या. डेबियन या लिनक्स वितरणात वेब सर्व्हरचे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा हे खाते ३३ क्रमांकाचे असते, तर फेडोरा या वितरणात अपाचे या खात्याचा क्रमांक ४८ असतो. एकाच्या फाइलमधला क्रमांक दुसऱ्याच्या फाइलमध्ये शोधला, तर काहीही सापडत नाही किंवा भलत्याचेच नाव सापडते.

पॅकेजच्या आत मालकी कशी नोंदवलेली असते, हेही इथे महत्त्वाचे आहे. आरपीएमच्या हेडरमध्ये प्रत्येक फाइलच्या मालकाचे आणि गटाचे नाव असते, क्रमांक नसतो. फाइल बसवण्याच्या क्षणी आरपीएम त्या नावाचा क्रमांक शोधते. तो सापडला नाही, तर अमुक वापरकर्ता अस्तित्वात नाही, म्हणून रूट वापरत आहे, अशा अर्थाची सूचना छापून ती फाइल रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या मालकीची करून टाकते आणि पुढे जाते. हे करताना ती फाइल सेटयूआयडी, म्हणजे मालकाच्या अधिकारांनी चालणारी, असेल तर तो बिट काढूनही टाकते, आणि गट सापडला नाही तर सेटजीआयडी बिट काढते. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय अगदी योग्य आहे, कारण तो बिट राहिला असता तर भलत्याच प्रोग्रामला रूटचे अधिकार मिळाले असते. मात्र त्याचा परिणाम असा होतो, की बसवण्याचा व्यवहार यशस्वी झाल्याचे दिसते, शेकडो ओळींच्या लॉगमध्ये ती एक सूचना वाहून जाते, आणि इमेज प्रत्यक्ष बूट झाल्यावर कधीतरी ती सेवा आपल्याच डेटा डिरेक्टरीत लिहू शकत नाही म्हणून बंद पडते. तोवर मूळ कारण आणि दिसणारे लक्षण यांत इतके अंतर पडलेले असते, की शोधणारा माणूस सेवेच्या कॉन्फिगरेशनमध्येच चाचपडत राहतो.

डेबियनची रीत वेगळी आहे. तिथे पॅकेजमधल्या फायली सहसा रूटच्या किंवा ठरलेल्या क्रमांकाच्या मोजक्या खात्यांच्या मालकीच्या असतात. सेवेचे खास खाते फायली उलगडून झाल्यावर चालणाऱ्या पोस्टइन्स्ट स्क्रिप्टमध्ये तयार होते, आणि लागतील त्या डिरेक्टरींची मालकी तीच स्क्रिप्ट बदलते. आरपीएमच्या जगात मात्र खाते फायलींच्या आधी लागते, म्हणून ते प्री स्क्रिप्टमध्ये तयार करण्याची प्रथा पडली. क्रम उलटा असला तरी दोन्हीकडे खाते तयार करणारा एक आदेशच असतो, आणि तो आदेश कोणत्या सिस्टीमकडे पाहत आहे यावर सगळे अवलंबून असते.

ती प्रथा जवळून पाहण्यासारखी आहे. वर्षानुवर्षे एका पॅकेजमधून दुसऱ्यात नकलत आलेल्या दोन ओळी अशा: खाती शोधणाऱ्या गेटएंट या आदेशाला विचारायचे की अमुक नावाचा गट आहे का, आणि नसेल तर ग्रुपॲड चालवायचे, मग गेटएंटलाच विचारायचे की त्या नावाचा वापरकर्ता आहे का, आणि नसेल तर यूजरॲड चालवायचे. चालू मशीनवर या ओळी निर्दोष आहेत. आता समजा, हीच स्क्रिप्ट चरूट न करता, म्हणजे टार्गेटला तिची रूट न बनवता, चालली आणि टार्गेटचा पत्ता फक्त यूजरॲडला दिला गेला. इमेज बांधणाऱ्या कितीतरी घरगुती स्क्रिप्टा नेमके हेच करतात. बांधणाऱ्या मशीनवर तीच सेवा आधीच बसवलेली असेल, तर गेटएंट होस्टची पासवर्ड फाइल पाहून वापरकर्ता आहे असे उत्तर देते, यूजरॲडवर पाळी येतच नाही, आणि टार्गेटमध्ये खाते तयार होत नाही. ती सेवा नसलेल्या दुसऱ्या मशीनवर तीच इमेज व्यवस्थित बांधली जाते. एकाच स्रोतातून दोन ठिकाणी दोन वेगळ्या इमेजा, आणि दोन्हीकडे एकही चूक छापलेली नाही.

गेटएंटला टार्गेटचा पत्ता द्यावा म्हटले, तर तसा पर्यायच त्यात नाही आणि त्यामागचे फंक्शनही तसे लिहिलेले नाही. गेटपीडब्ल्यूनॅम हे जीलिबसी या मूळ सी लायब्ररीतले फंक्शन एनएसएस या नावे शोधणाऱ्या यंत्रणेतून उत्तर शोधते: आधी एनएसस्विच फाइल वाचते आणि तिथे लिहिलेल्या क्रमाने स्थानिक फायली, नेटवर्कवरची खाती पुरवणारे एलडॅप, एसएसएसडी वगैरे स्रोतांना विचारते. हे सगळे होस्टच्या संदर्भात घडते. कार्यालयाच्या एलडॅपमध्ये योगायोगाने त्याच नावाचे खाते असले, तरी टार्गेटमध्ये खाते तयार होणार नाही. टार्गेटमधली पासवर्ड फाइल स्वतः उघडून एफगेटपीडब्ल्यूएंट या फंक्शनने ओळ-ओळ वाचणे, हाच पर्यायी रूटसाठी खरा मार्ग आहे. तिथे ना एनएसस्विच मध्ये येते, ना नेटवर्क.

मग सरळ चरूटच का करू नये? बहुतेक पॅकेज व्यवस्थापक तेच करतात. आरपीएमला रूटचा पर्याय दिला, की स्क्रिप्टा त्या डिरेक्टरीत चरूट करून चालवल्या जातात. डीपीकेजीही देखभाल-स्क्रिप्टा चालवण्याआधी चरूट करते. चरूटच्या आत गेटएंटला दिसणारी पासवर्ड फाइल टार्गेटचीच असते, त्यामुळे वर सांगितलेला घोटाळा होत नाही. यूजरॲडचा रूट पर्यायही आतून चरूटच करतो. एकाच आर्किटेक्चरच्या मशीनवर, रूटचे अधिकार हातात असताना आणि टार्गेट आपल्या विश्वासातले असताना ही पद्धत चांगली चालते, आणि केवळ नवी पद्धत आली म्हणून ती मोडीत काढावी असे मला वाटत नाही.

तिच्या अटी मात्र कडक आहेत. एक्स८६ मशीनवर एआरएमची इमेज बांधायची असेल, तर टार्गेटमधला यूजरॲड होस्टच्या प्रोसेसरवर चालतच नाही. क्यूईएमयू या साधनाचे यूजर-मोड अनुकरण, म्हणजे परक्या प्रोसेसरची नक्कल, आणि कर्नलची बिनफमट-मिस्क सोय वापरून तो चालवता येतो, पण मग इमेज बांधण्याचा वेळ वाढतो आणि अनुकरणाच्या आपल्या अशा त्रुटी त्यात मिसळतात. चरूट हा कॉल करण्यासाठीच विशेष अधिकार लागतो; तो नसेल तर यूजर नेमस्पेस, म्हणजे खात्यांच्या क्रमांकांची वेगळी चौकट, किंवा चरूटचे सोंग घेणारे फेकचरूट असे उपाय करावे लागतात. यूजर नेमस्पेसमध्ये फक्त आपलाच एक क्रमांक आत जोडलेला असेल, तर दुसऱ्या कोणत्याही क्रमांकाला मालकी देणे कर्नल नाकारते, म्हणून सबयूआयडी फाइलमधला क्रमांकांचा पुरेसा मोठा पट्टा आत जोडून घ्यावा लागतो. आणि टार्गेट अगदी रिकामे असेल, तर पहिलाच प्रश्न असा येतो की स्क्रिप्ट चालवणार कोण, कारण आत शेलच नाही.

हा रिकाम्या रूटचा प्रश्न फार मूलभूत आहे. खाते तयार करण्यासाठी यूजरॲड हवे, यूजरॲड शॅडो-यूटिल्स या पॅकेजातून येते, त्या पॅकेजाला जीलिबसी हवी, स्क्रिप्टसाठी बॅश हवी, आणि या सगळ्यांच्या फायलींनाही मालक हवेतच. आरपीएममध्ये अवलंबित्वाला प्री असा शिक्का मारून क्रम ठरवता येतो, आणि अगदी तळाच्या पॅकेजांसाठी स्क्रिप्टा शेलऐवजी लुआ या भाषेत लिहितात, कारण लुआचा इंटरप्रिटर आरपीएमच्या आतच असतो आणि टार्गेटमध्ये काहीही असण्याची गरज नसते. फेडोराचे सेटअप हे पॅकेज पासवर्ड आणि ग्रुप या फायली तयार स्वरूपात घेऊनच येते, आणि डेबियनमध्ये मूळ खात्यांची यादी बेस-पासवर्ड हे पॅकेज सांभाळते. थोडक्यात, साखळीची पहिली कडी दोन्हीकडे मजकूर म्हणूनच टार्गेटमध्ये पोहोचते. मूळ खाती अशी विदा म्हणून येऊ शकतात, तर बाकीची का नाहीत, हा प्रश्न मला त्यामुळेच रास्त वाटतो.

चरूटविषयी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. होस्टवरचा एखादा प्रोग्राम आधीच चालू आहे, त्याने मध्येच चरूट केले आणि मग वापरकर्त्याचे नाव शोधले, तर एनएसएसची लायब्ररी नेमकी कोणती उचलली जाईल? त्या क्षणी रूट बदललेली असल्यामुळे ती टार्गेटमधली उचलली जाते. म्हणजे होस्टचा प्रोग्राम, होस्टच्या पूर्ण अधिकारांसह, टार्गेटमधला कोड आपल्या पोटात घेतो. टार्गेट वेगळ्या आर्किटेक्चरचे असेल किंवा तिथली जीलिबसी वेगळ्या आवृत्तीची असेल, तर हा शोध फसतो. टार्गेट अविश्वासू असेल, तर ते थेट सुरक्षेचे भगदाड ठरते. डॉकरच्या सीपी आदेशात २०१९ मध्ये सापडलेली, सीव्हीई-२०१९-१४२७१ या क्रमांकाची त्रुटी नेमकी याच जातीची होती: कंटेनरच्या फाइलसिस्टीममध्ये चरूट केलेला मदतनीस प्रोग्राम कंटेनरमधलीच एनएसएस लायब्ररी लोड करत होता. २०२१ मधल्या जीलिबसी २.३४ आवृत्तीपासून साध्या फायली वाचणारा एनएसएसचा भाग मुख्य लायब्ररीतच सामावला गेला, त्यामुळे धोका काहीसा कमी झाला आहे, पण एनएसस्विचमध्ये इतर स्रोत लिहिलेले असतील तर तो उरतोच.

चरूट टाळायचे असेल, तर यूजरॲड, ग्रुपॲड आणि त्यांच्या भावंडांमध्ये प्रीफिक्स नावाचा स्वतंत्र पर्याय आहे. रूट पर्याय चरूट करतो. प्रीफिक्स पर्याय मात्र चरूट न करता, दिलेल्या डिरेक्टरीखालच्या फायली थेट बदलतो. तो दुसऱ्या आर्किटेक्चरचे टार्गेट तयार करण्यासाठीच बनवलेला आहे. त्याच्या मर्यादा मॅन्युअलमध्ये स्पष्ट दिलेल्या आहेत: एनआयएस आणि एलडॅपमधली खाती तो तपासत नाही, पॅम या यंत्रणेची ओळख-पडताळणी होस्टच्या फायलींनुसार होते, आणि एसईलिनक्स या लेबलांवर चालणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेला त्यात आधार नाही. यातल्या पहिल्या मर्यादेला मी तरी मर्यादा म्हणणार नाही, कारण टार्गेटच्या दृष्टीने तेच वागणे बरोबर आहे. एसईलिनक्सची मर्यादा मात्र खरी आहे. नव्याने लिहिलेल्या पासवर्ड आणि शॅडो (खरे पासवर्ड कूट रूपात ठेवणाऱ्या) फायलींना योग्य लेबल लावण्याचे काम शेवटी वेगळे करावे लागते.

डेबियननेही याच दिशेने एक वाट काढली आहे. डीपीकेजी देखभाल-स्क्रिप्टांना डीपीकेजी-रूट या नावाचे पर्यावरण चल पुरवते, आणि ज्या पॅकेजांच्या स्क्रिप्टा त्या चलाचा मान राखून लिहिलेल्या आहेत त्या चरूट न करता चालू शकतात. एमएमडेबस्ट्रॅपमध्ये यासाठी चरूटलेस नावाचा प्रकारच आहे. पण डीपीकेजीला चरूट टाळण्याची सक्ती करणारा पर्याय अतिशय जपून वापरावा, कारण ज्या स्क्रिप्टेला त्या चलाची माहितीच नाही ती टार्गेटऐवजी होस्टवरच खाते तयार करील किंवा होस्टच्याच फायली बदलेल. प्रत्येक पॅकेजच्या प्रत्येक स्क्रिप्टेने शिस्त पाळली तरच सुरक्षित, ही रचनाच मुळात नाजूक आहे. हजारो पॅकेजांच्या लेखकांवर एकच शिस्त लादण्यापेक्षा ते काम एका ठिकाणी नीट लिहिणे केव्हाही सोपे असते.

ते एक ठिकाण म्हणजे सिस्टीमडी या सेवा-व्यवस्थापकाचे सिसयूजर्स हे साधन, जे २०१४ मधल्या २१५ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. पॅकेज यूएसआर-लिब डिरेक्टरीतल्या सिसयूजर्स-डी या जागी एक छोटी मजकूर फाइल ठेवते. तिच्यातली एक ओळ म्हणजे एक घोषणा: सुरुवातीला यू हे अक्षर असेल तर वापरकर्ता आणि त्याच नावाचा गट, जी असेल तर फक्त गट, एम असेल तर अमुक वापरकर्त्याला तमुक गटात घालणे. त्यापुढे नाव, मग क्रमांक किंवा कोणताही चालेल हे सांगणारी आडवी रेघ, मग वर्णन, होम डिरेक्टरी आणि शेल. एवढेच. त्या ओळीत अट नाही, आदेश नाही, एखादा प्रोग्राम चालवण्याची गरजही नाही. तीच फाइल चालू मशीनवर वाचता येते, रूटचा पर्याय देऊन दुसऱ्या डिरेक्टरीवर लागू करता येते, आणि डिस्क इमेजवर थेटही लावता येते. रूटचा पर्याय दिलेला असला, की हे साधन एनएसएसला विचारतच नाही. फक्त टार्गेटमधल्या फायली पाहते. मला हे वागणे या साधनाच्या इतर सगळ्या गुणांपेक्षा मोलाचे वाटते.

यातही एक क्रमाचा पेच होता. घोषणेची फाइल पॅकेजच्याच आत असते, आणि खाते तर पॅकेजच्या फायली उलगडण्याआधी हवे असते. सिसयूजर्सच्या रिप्लेस पर्यायाने तो काही प्रमाणात सुटला: जी फाइल पुढे बसणार आहे तिचा मजकूर आधीच पुरवायचा आणि तिचा अंतिम पत्ता सांगायचा, म्हणजे मशीनच्या प्रशासकाने ठेवलेली तिच्यापेक्षा वरचढ घोषणा असेल तर तिचा मान राखला जातो. पण खरे उत्तर २०२३ मध्ये आरपीएम ४.१९ या आवृत्तीने दिले. पॅकेज बांधतानाच आरपीएम सिसयूजर्सची फाइल ओळखते, हे पॅकेज अमुक वापरकर्ता आणि अमुक गट पुरवते अशी नोंद हेडरमध्ये करते, आणि ज्या पॅकेजच्या फायली त्या खात्याच्या मालकीच्या आहेत त्याला त्या खात्याची गरज आहे अशीही नोंद आपोआप होते. बसवताना फायली उलगडण्याआधी खाते तयार होते. खाते हे अशा रीतीने पॅकेजांच्या अवलंबित्वाच्या हिशोबातच आले, त्यामुळे पुरवणारे पॅकेज नसेल तर व्यवहार सुरूच होत नाही आणि फायली निमूटपणे रूटच्या नावावर चढण्याची वेळ सहसा येत नाही. स्क्रिप्ट लिहिण्याची आणि ती विसरण्याची शक्यताच यात संपली, हे मला फार मोठे पाऊल वाटते.

इतर वितरणांनी आणि इमेज बांधणाऱ्या साधनांनीही आपापल्या परीने हेच गाठले आहे. आर्चमध्ये पॅकमन या पॅकेज व्यवस्थापकाचा एक हुक सिसयूजर्सच्या फायली बसल्यावर ते साधन चालवतो. जेंटूने प्रत्येक खात्याचे आणि गटाचे स्वतंत्र पॅकेजच केले. बिल्डरूट एका तक्त्यातून वापरकर्ते वाचून टार्गेटच्या फायलींमध्ये थेट लिहिते. योक्टोमध्ये यूजरॲडचा एक वर्ग आहे, आणि सगळे क्रमांक आधीच ठरवून देण्यासाठी स्टॅटिकआयडीज नावाचा त्याचा विस्तारही आहे. त्या विस्ताराकडे बरेच जण दुर्लक्ष करतात, आणि तिथूनच क्रमांकांचा प्रश्न सुरू होतो.

आडवी रेघ देऊन कोणताही क्रमांक चालेल असे सांगितले, की मिळणारा क्रमांक हा पॅकेजे कोणत्या क्रमाने बसली यावर ठरतो. यूजरॲड सिस्टीम खात्यांसाठी पट्ट्याच्या वरच्या टोकापासून, सहसा ९९९ पासून, खाली येत मोकळा क्रमांक देते. डेबियनचे ॲडयूजर १०० पासून वर जाते. एकाच मशीनवर एकदाच बसवलेल्या सिस्टीमला याने काही फरक पडत नाही. पण इमेज दर आठवड्याला नव्याने बांधली जात असेल आणि सेवांचा बदलता डेटा ठेवणारी वार डिरेक्टरी वेगळ्या, टिकून राहणाऱ्या विभाजनावर असेल, तर एखादे नवे पॅकेज मध्ये घुसताच पुढच्या साऱ्या खात्यांचे क्रमांक एकेकाने सरकतात. जुन्या विभाजनावरचा डेटा जुन्याच क्रमांकाच्या मालकीचा राहतो. मग डेटाबेसच्या फायली लॉग गोळा करणाऱ्या सेवेच्या हाती जातात, आणि कर्नलच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे नसते. म्हणून ज्या इमेजची नवी आवृत्ती जुन्या डेटावर येऊन बसणार आहे, तिथे प्रत्येक सेवा-खात्याचा क्रमांक ठरवून लिहिलाच पाहिजे. या बाबतीत मी तडजोड करत नाही. डेबियनच्या धोरणात ० ते ९९ हे क्रमांक प्रकल्पाने जगभरासाठी एकच ठरवलेले आहेत, १०० ते ९९९ हे त्या-त्या मशीनवर वाटले जातात, आणि ६०००० ते ६४९९९ हा पट्टा कायमचा ठरवलेला पण गरज पडेल तेव्हाच तयार होणाऱ्या खात्यांसाठी राखलेला आहे. आपल्या इमेजसाठी क्रमांक ठरवताना या पट्ट्यांचा आदर ठेवला, तर पुढे वितरणाशी टक्कर होत नाही.

शॅडो फाइलकडेही थोडे लक्ष द्यावे. तिच्यातल्या तिसऱ्या रकान्यात पासवर्ड शेवटचा कधी बदलला ते १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत लिहिलेले असते. म्हणजे तीच इमेज आज आणि उद्या बांधली, तर फक्त या एका आकड्यामुळे दोन्ही इमेजांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठसे, वेगळे येतात. सोर्स-डेट-इपॉक हे पर्यावरण चल दिले, तर यूजरॲड आणि सिसयूजर्स दोघेही आजच्या तारखेऐवजी ती तारीख वापरतात. शिवाय यूजरॲड आपल्यामागे पासवर्ड आणि शॅडो फायलींच्या आडवी रेघ जोडलेल्या जुन्या प्रती सोडते, आणि मधेच थांबलेल्या बिल्डमध्ये लॉक फायलीही उरू शकतात. इमेज बंद करण्याआधी त्या काढून टाकलेल्या बऱ्या. दुसऱ्या रकान्यातला पासवर्ड रिकामा राहिलेला नाही ना, हे तर डोळ्यांनी पाहावे. सेवा-खात्याचा पासवर्ड कुलूपबंदच हवा, आणि सिसयूजर्स तो तसाच ठेवते.

शेवटी तपासणीविषयी, कारण तिथेही होस्ट आपले उत्तर मध्ये घुसवतोच. बांधून झालेल्या टार्गेटमध्ये फायलींची यादी देणाऱ्या एलएस आदेशाचा लांब प्रकार चालवला, की दिसणारी नावे होस्टच्या पासवर्ड फाइलमधून आलेली असतात. फेडोरामध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वापरकर्त्याचा आणि गटाचा क्रमांक २६ असतो, आणि डेबियनमध्ये २६ हा टेप या गटाचा क्रमांक आहे. त्यामुळे डेबियनच्या मशीनवर बसून फेडोराच्या टार्गेटमधली डेटाबेसची डिरेक्टरी पाहिली, तर मालक म्हणून नुसता २६ हा आकडा आणि गट म्हणून टेप असे दिसते, आणि पाहणारा माणूस काहीही बिघडलेले नसताना दुरुस्ती करायला निघतो. उलट दिशेनेही तेच: फेडोरामध्ये टेपचा क्रमांक ३३ आहे, म्हणून तिथून डेबियनच्या टार्गेटमधल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या फायली टेप गटाच्या दिसतात. बेवारस फायली शोधण्यासाठी फाइंडचा नोयूजर हा पर्याय वापरला, तर तोही होस्टलाच विचारतो आणि त्याचा निकाल टार्गेटच्या बाबतीत निरर्थक ठरतो.

म्हणून एलएसला नावांऐवजी क्रमांक दाखवायला सांगावे, किंवा फाइंडच्या प्रिंटएफमधून मालक आणि गट यांचे केवळ क्रमांक काढून घ्यावेत, त्यांतले वेगवेगळे क्रमांक एकदाच येतील असे गाळून घ्यावेत, आणि त्या यादीतला प्रत्येक क्रमांक टार्गेटच्याच पासवर्ड आणि ग्रुप फायलींच्या तिसऱ्या रकान्यात आहे की नाही ते पाहावे. न सापडलेला क्रमांक म्हणजे हरवलेले खाते. दुसऱ्या बाजूने, पासवर्ड फाइलमधल्या ज्या सेवा-खात्याला स्वतःची डेटा डिरेक्टरी असायला हवी ती डिरेक्टरी रूटच्या मालकीची निघाली, तर खाते उशिरा तयार झाले असे समजावे आणि लॉगमध्ये रूट वापरत असल्याची ती सूचना शोधावी. ही तपासणी काही ओळींच्या स्क्रिप्टमध्ये मावते, तिला टार्गेटमधल्या सगळ्या डिरेक्टरी आणि, पाहायची असेल तर, शॅडो फाइल वाचण्याची परवानगी तेवढी लागते, आणि इमेज बांधणाऱ्या प्रत्येक पाइपलाइनच्या शेवटी ती ठेवता येते, अशा रीतीने की एक जरी क्रमांक अनाथ निघाला तरी बिल्ड तिथेच थांबावे.